चांदणीआधीची तिरकी रेघ

आधी उजेड पडतो तो एका काचेच्या खिडकीवर. वर पाटी, 'चौकशी'. आत जुना कॉम्प्युटर, मिणमिणती ट्यूबलाइट आणि गळ्याला मफलर गुंडाळलेले काका. इस्पितळात सगळे त्यांना काकाच म्हणत. खिडकीशी कुणी रडत आलं, तर आधी पाणी द्यायचं आणि मग माहिती, ही त्यांची पद्धत.

इस्पितळाचीही एक पद्धत होती. बेशुद्ध, बेवारस माणूस आला की नावाच्या रकान्यात नर्स एक चांदणी (*) टाकायची आणि शेजारी अंगावरची खूण. धाकटा भाऊ भांडून घरातून निघून गेला, तेव्हापासून काका रोज खिडकी बंद केल्यावर शोधाच्या चौकटीत चांदणी टाकत. आणि रोज मशीन अख्खं इस्पितळ बाहेर ओतायचं. घरी गेलेले, वर गेलेले, सगळे. त्या गर्दीत काकांची इथेच वारलेली आईही यायची आणि नजर चुकवून पुढे सरकायची. यादी संपायच्या आत मशीन गोठायचं.

"काका, ही काय भुतावळ जमवलीत?" प्रोग्राम दुरुस्त करायला आलेल्या पोरीनं विचारलं.

"चांदणीवाले शोधतोय गं."

"अहो, मशीनच्या लेखी चांदणी म्हणजे 'काहीही चालेल'. जेवायला काहीही चालेल म्हणालात, तर काकू काय वाढतील?"

"टोमणे."

ती हसली. चौकटीत कुणी असलं चिन्ह टाकलं, की त्याच्याआधी आपोआप एक तिरकी रेघ लागेल, अशी सोय तिनं करून दिली. "आता चांदणी म्हणजे नुसती चांदणी. बघा."

काकांचं बोट कळीवर अडलं. भाऊ इतकी वर्षं त्या गर्दीत होता, आणि गर्दीत हरवलेला माणूस परत येऊ शकतो. मग त्यांनी कळ दाबली.

मोजकीच माणसं उरली. आई नव्हती. मधल्याच एका ओळीत लिहिलं होतं: डावी करंगळी अर्धी. मृत. तारीख, तो घरातून गेला त्याच आठवड्यातली. ती करंगळी दारात चेमटली, तेव्हा त्याला कडेवर घेऊन काकाच इथवर धावत आले होते.

"धाकटा," ओळीवर बोट ठेवून ते म्हणाले.

पोरीनं वाकून ती ओळ वाचली. मग हळूच म्हणाली, "चांदणी काढून त्यांचं नाव घालू, काका?"

"आज नको गं. आजची रात्र त्याला असाच कुठेतरी भटकू दे."