शेवटचा पिंजरा

शेंगदाणे भाजल्याचा वास आला की मला भूमजवळचा माळ आठवतो. मी रानउंदरांची पाहणी करायचो. संध्याकाळी दाणे घालून पत्र्याचे पिंजरे लावायचे, ऊन चढण्याआधी उघडायचे. त्या सकाळी एसटी चुकेल म्हणून मी एक तसाच सोडला.

“सायब, एक राहिला की,” शेळ्या राखणारे रसूलचाचा म्हणाले.

“रिकामाच असेल, चाचा.”

त्यांनी उघडला असता, पण पिंजऱ्यांना हात लावू नका, असं मीच बजावलं होतं.

दुसऱ्या दिवशी आत मादी मेलेली होती, आचळं दुधानं भरलेली. पिलांसाठी मी दुपारभर बिळं उकरली.

“बास करा आता. न्हाय सापडायची,” चाचा म्हणाले.

शेवटी मी वहीत ‘रिकामा’ असं लिहिलं.

“काय लिवलं?” त्यांनी विचारलं. त्यांना वाचता येत नव्हतं.

“घडलं तेच,” मी म्हणालो.