शहाण्याचा राखणदार

आमच्या ऑफिसात त्याला सगळे राखणदार म्हणतात. नाव मीच ठेवलंय आणि मी ते त्याच्या तोंडावर घेते. पुढून एक आणि मागून एक बोलायची मला सवय नाही. दिवसभर फोनवर लोकांची बोलणी खाणाऱ्या बाईकडून गोडबोलेपणाची अपेक्षा कुणी करूही नये.

आमची कंपनी लिफ्ट दुरुस्त करते. लिफ्ट अडकली, दार लागेना, मधेच थांबली, की लोक मला फोन करतात आणि जणू मीच दोरी धरून बसलेय अशा थाटात ओरडतात. मी तक्रार घेते, मग कुठला मेकॅनिक कुठे जाणार ते कॉम्प्युटर ठरवतो. ते ठरवणारा प्रोग्रॅम राखणदाराने आणि त्याच्या तीन जोडीदारांनी लिहिलेला. माझ्या पाठीमागेच त्यांची चार टेबलं होती. माणसं चार आणि गलका चाळिसांचा! एकमेकांच्या चुका काढायच्या, त्यावर पैजा लावायच्या, हरलेल्याने सगळ्यांना चहा पाजायचा. "अरे, इकडे माणूस लिफ्टमध्ये अडकलाय, जरा गप्प बसाल का?" असं मी कितीदा ओरडले असेन.

मग शहाणा आला. शहाणा म्हणजे माणूस नव्हे, आपलं आपण प्रोग्रॅम लिहिणारं यंत्र. यंत्र तरी कसलं, स्क्रीनवर सरकणाऱ्या ओळी. एकदा काम सांगितलं की तो त्याचे तुकडे पाडतो, लिहितो, तपासतो, चुकलं तर स्वतःच निस्तरतो. जुना प्रोग्रॅम नव्याने लिहायचं काम त्याला दिलं. जोडीदारांपैकी एक दुसरीकडे गेला, एकाला कंपनीने नारळ दिला, तिसरी बाळंतपणाला गेली ती परतलीच नाही. त्यांच्यामागोमाग टेबलंही गेली. उरला राखणदार, एका टेबलापुरता.

"तुम्ही दिवसभर नक्की करता काय हो?" एकदा न राहवून मी विचारलं.

"बघतो."

"काय बघता?"

"तो काय करतो ते."

"आणि तो काय करतो?"

"मी करायचो ते," म्हणाला आणि हसला. मला काही हसू आलं नाही.

खरोखर नुसता बघत बसायचा. स्क्रीनवर ओळी यायच्या, 'तपासतो आहे', 'झाले', 'पुढचे काम घेतो'. हिरवी खूण आली तर ठीक. लाल आली की राखणदार लगबगीने चष्मा चढवून पुढे सरकायचा, तोवर शहाण्याने लालचं हिरवं करून टाकलेलं असायचं. बिचारा परत मागे टेकायचा. अधूनमधून 'मंजूर' दाबायचं, एवढंच काय ते हाताला काम.

घरी एकटाच. लग्न केलं नाही, आई होती ती गेली. तेव्हा मी आणि आमचे हे भेटायला गेलो होतो. दोन खोल्या, लख्ख आवरलेल्या. खुर्च्याही दोन, पण दुसरीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा. तो त्याने उचलला आणि कुठे ठेवावा ते त्याला सुचेना, हातात धरूनच उभा राहिला. आमच्याकडे नवरा, सासूबाई, दोन मुली, मिनिटभर शांतता नाही म्हणून मी रोज कटकट करते. त्या दिवशी घरी आल्यावर नाही केली. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू!

तर सांगत काय होते, शहाण्यालाही सगळं कळत नाही. जुन्या प्रोग्रॅममध्ये कुणी कधी घातलेले नियम होते, त्यांचं कारण कुठेच लिहिलेलं नव्हतं. तिथे त्याचं घोडं अडायचं आणि तो विचारायचा. मग राखणदार उठायचा, शर्ट सारखा करायचा आणि माझ्या टेबलाशी येऊन उभा राहायचा.

"ताई, शहाणा विचारतोय. त्या नदीकाठच्या इमारतीत दुपारी मेकॅनिक पाठवायचा नाही, असं का?"

"कारण लिफ्टच्या खोलीची किल्ली त्यांच्या सेक्रेटरींच्या उशाखाली असते आणि दुपारी त्यांची वामकुक्षी चालते. उठवलं तर अंगावर धावून येतात. सांगा म्हणावं तुमच्या शहाण्याला!"

माझ्याकडून तो सामानाच्या खोलीत जायचा, तिथून मेकॅनिकांच्या बाकाकडे. कुणी चहा पुढे करायचं, कुणी चेष्टा करायचं, "काय राखणदार, अति शहाणा त्याचा बैल रिकामा, खरं ना?" एका प्रश्नावर अख्खं ऑफिस फिरून यायचा. परत येऊन बसला की त्याचा खुललेला चेहरा बघण्यासारखा असायचा.

पुढे पुढे प्रश्न जरा चमत्कारिक व्हायला लागले.

"शहाणा विचारतोय, सोमवारी तक्रारी जास्त येतात का?"

"येतात. रविवारी पोरं लिफ्टमध्ये खेळतात, सोमवारी मोठी माणसं माझ्यावर ओरडतात."

"शहाणा विचारतोय, लोक ओरडतात तेव्हा तुम्हाला राग येत नाही का?"

"न यायला काय झालं? त्याला म्हणावं, एक दिवस बस माझ्या खुर्चीत."

मला वाटायचं, भलतंच चौकस यंत्र आहे. पण खरं सांगते, बरं वाटायचं. इतक्या वर्षांत मला राग येतो का, असं दुसऱ्या कुणी विचारलं नव्हतं.

आमचे साहेब म्हणजे कालचं पोर. मनाने चांगला आहे आणि तीच पंचाईत, वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं. एक दिवस हसत हसत माझ्याकडे आला.

"ताई, राखणदारांसाठी आनंदाची बातमी आहे. पुढच्या महिन्यापासून त्यांनी घरूनच काम करायचं, कायमचं. स्क्रीनवर तर लक्ष ठेवायचंय, ते घरूनही होतं. रोजची दगदग वाचेल."

त्या दोन खोल्या डोळ्यांपुढे आल्या. ऑफिस सोडलं तर या माणसाशी दिवसभरात बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. टेबल गेलं म्हणजे सगळंच गेलं.

"बसू दे की इथे. टेबल काय खातंय तुमचं?"

"नव्या मेकॅनिकांना शिकवायला जागा हवीय. आणि इथे त्यांचं अडतं काय? इथल्या माणसांना काही विचारायची गरज असती तर गोष्ट वेगळी. पण शहाणा आता काही विचारतच नाही. उन्हाळ्यापासून एक प्रश्न नाही त्याचा. फार सुधारलाय."

बाहेर थंडी पडली होती, मी शाल पांघरून बसले होते.

"अहो, कालच तर..." एवढं माझ्या तोंडून गेलं आणि मी जीभ चावली.

"काल काय?"

आता काय सांगू? रोज विचारायला येतात म्हणावं, तर शहाणा विचारत नाही हे साहेबाला पक्कं ठाऊक. मग इतके महिने विचारतंय कोण, हे शेंबडं पोरही सांगेल. पन्नाशीचा माणूस यंत्राच्या नावाने खोटे प्रश्न घेऊन ऑफिसभर हिंडतो, ही गोष्ट जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी झाली असती. आणि गप्प बसावं, तर टेबल जातंय. इकडे आड, तिकडे विहीर.

"काल म्हणत होते, खुर्चीचं चाक मोडलंय," मी म्हटलं.

"घरी नवी पाठवू ना!" साहेब म्हणाला.

"पण त्यांना विचारलंत का?"

"विचारलं. चालेल म्हणाले."

चालेल! या माणसाला काहीही विचारा, चालेल. जोडीदार गेले, चालेल. टेबलं उचलली, चालेल. मी तरातरा त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"नाही म्हणून सांगा साहेबाला. तोंड दिलंय ना देवाने?"

"आणि कारण काय सांगू, ताई?"

"करमणार नाही म्हणावं."

"असं कसं सांगायचं? घरून काम मिळावं म्हणून लोक मागे लागतात." तो स्क्रीनकडेच बघत होता. शहाण्याच्या हिरव्या खुणा एकामागून एक येत होत्या. मी तशीच माझ्या टेबलाशी परत आले.

महिनाअखेरीस, शेवटच्या दिवशी, सगळ्यांनी त्याचं अभिनंदन केलं. "मजा आहे बुवा एका माणसाची!" त्याने सगळ्यांशी हात मिळवला. निघताना माझ्या टेबलाशी आला.

"ताई, शहाणा..." म्हणाला आणि थांबला.

"काय विचारतोय?"

"काही नाही. आज काही नाही."

दुसऱ्याच दिवशी टेबल उचललं. तिथे आता शिकाऊ मेकॅनिक दंगा करतात. राखणदाराचा रोज संध्याकाळी साहेबाला निरोप येतो, काम सुरळीत. साहेब खूश. मी मात्र येणाऱ्या जाणाऱ्यावर खेकसत होते. घरी आमचे हे म्हणाले, "एवढं वाटतंय तर फोन कर की त्याला."

"काय म्हणून करू? मला कुठे काय विचारायचंय?" मी फणकारले. आणि मग पोळपाट पुढ्यात तसाच ठेवून बसून राहिले.

मग एका दुपारी तक्रारीचा फोन वाजला.

"बोला, कुठली लिफ्ट?"

"ताई, मी बोलतोय. राखणदार."

"अहो! कसे आहात?"

"बरा आहे. ते... शहाणा विचारतोय. सोमवारी तक्रारी जास्त येतात का?"

"हे त्याने मागे विचारलंय."

"हो का? विसरला असेल."

"यंत्र विसरतं?"

माझ्या जिभेला काही हाड! आता हा फोन ठेवणार आणि पुन्हा म्हणून करणार नाही, अशी मला भीती वाटली. शेजारची दुसरी लाइन वाजायला लागली. वाजू दे मेली.

"शहाण्याला राहू द्या बाजूला," मी म्हटलं. "तुम्हाला काय विचारायचंय ते विचारा."

"मला?"

"हो, तुम्हाला."

पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला.

"जेवलात का?" त्याने विचारलं.

मी केव्हाच जेवले होते. डबा घासून पालथाही घातला होता.

"नाही अजून," मी म्हणाले. "तुम्ही?"