सात नंबरच्या प्रेसवरचा हात

वाळूजला मी ज्या कंपनीत होते तिथं खंडेनवमीला मशिनींची पूजा व्हायची. पत्रा दाबून गाड्यांचे बारीकसारीक भाग काढायची छोटी कंपनी ती. हार, नारळ, पेढे, आणि जिनं तिनं आपापल्या मशिनीला हळदकुंकू लावायचं. माझी मैत्रीण सात नंबरच्या प्रेसवर, मी शेजारी आठवर. ती पक्की डावखुरी. त्या वर्षी तिनं तेलात हळद कालवली, डावा तळवा त्यात बुडवला आणि प्रेसच्या बाजूला थापकन उमटवला. करंगळी तिची लहानपणापासूनच वाकडी, ती वाकडीच उमटली.

"अगं बाई, देवाच्या कामाला डावा हात?" मी म्हटलं.

"काम डाव्या हातानं करते, मग पूजेला उजवा कुठून आणू?"

लई हसलो आम्ही.

आठवडाभरात तोच हात प्रेसमध्ये गेला. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दाबली तरच ती खाली येते, म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात. पण माल पटापट निघावा म्हणून सुपरवायझरनं एक बटण चिकटपट्टीनं कायमचं दाबून टाकलेलं. आम्ही सगळ्याजणी ते रोज बघत होतो आणि तोंडाला कुलूप लावून बसलो होतो. तिची तर्जनी गेली, मधलं बोट गेलं. आम्हाला कामावर लावणाऱ्या ठेकेदारानं दवाखान्यातच तिचा गेटपास काढून घेतला आणि वर म्हणाला, "ही बाई आमच्याकडं कामाला नव्हतीच कधी." कंपनीनंही मान डोलावली. तिथं कामाला होती हेच सिद्ध होईना, तर भरपाई कसली मागणार ती?

दुसऱ्या दिवशी मला सातवर बसवलं. सुपरवायझरनं झाडूवालीकडून साबणाच्या पाण्यानं मशीन घासून घेतली. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे कुठल्याही बाईला ठाऊक असतं. मलाही होतं. तरी तो पिवळा हात घासता घासता लालभडक झाला तेव्हा झाडूवाली ब्रश टाकून मागं सरली, आणि माझ्याही अंगावर काटा आला.

दिवस निवडणुकीचे होते. बजाजनगरला आमच्या गल्लीत एक उमेदवार हात जोडत आले. पत्रकावर कामगारांना न्याय, ठेकेदारी बंद, सगळं छापलेलं. मैत्रिणीनं पट्टी बांधलेला हात त्यांच्यापुढं धरला.

"ताई, सरकारी साहेबांना कंपनीत पाठवतो. शब्द आहे माझा."

आणि साहेब खरंच यायचे ठरले. फक्त ते आम्हाला कळायच्या आधी कंपनीला कळलं.

त्या सकाळी ठेकेदाराच्या आम्हा सगळ्या बायकांना बसमध्ये भरलं. खिडक्यांचे पडदे ओढलेले, फोन एका पिशवीत गोळा केलेले. बस पैठणच्या रस्त्याला लागली आणि धरणाच्या अलीकडं उभी राहिली. बाहेर पेरूवाली ओरडत होती, पोरं येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांमागं पळत होती, आणि आत एवढ्या बायका असून कुणी खोकलंसुद्धा नाही. पडद्यावर बाहेरच्या माणसांच्या सावल्या येत होत्या, जात होत्या. एक बाई काचेला डोकं लावून आत बघायला लागली, तिला काही दिसलं नसावं. मला वाटलं, आपण सगळ्या मेलोय आणि आपल्याला अजून कुणी सांगितलेलं नाही. उतरावंसं फार वाटलं. पण पोरीचं कॉलेज डोळ्यापुढं आलं, आणि बसून राहिले.

दुपारनंतर परत आलो. माझा अ‍ॅप्रन खुंटीवर होता, पण घातला तर त्याला दुसऱ्याच कुणाच्या पावडरीचा वास. स्टूल कुणीतरी उंच करून घेतलेलं, आणि बसायची जागा अजून गरम होती. माझ्या डब्याशेजारी चहाचा कप होता, काठावर लिपस्टिक. मी आयुष्यात कधी लिपस्टिक लावली नाही. सात नंबरच्या बटणावरची चिकटपट्टी गेली होती, आणि जिथं हात होता तिथं ओला करडा रंग चकाकत होता. दुसऱ्या दिवशी चिकटपट्टी परत आली.

मतदानाला आम्ही दोघी बरोबरच गेलो. शाईवाला खाली बघतच म्हणाला, "डाव्या हाताची तर्जनी." तिनं हात पुढं केला. त्यानं वर बघितलं, शाईची काडी तशीच धरून बसला. शेवटी त्यानं तिच्या अनामिकेला शाई लावली.

"बघ," बाहेर आल्यावर ती म्हणाली, "यांच्या यादीत तरी मी आहे."

ते उमेदवार निवडून आले. गुलाल उधळला, डीजे वाजला, आणि त्यांचा फोन लागायचा बंद झाला.

त्याच सुमाराला रंग सुटायला लागला. तेलावर रंग धरत नाही, एवढं मलाही कळतं. पण आधी फक्त करंगळी वर आली, वाकडी. मग रोज थोडं थोडं. मी बटण दाबायची आणि कानाशेजारी रंगाचा पोपडा खाली पडायचा. सुपरवायझरनं दोनदा रंग मारून घेतला, दोन्ही वेळा हात बाहेर आला. बायका त्या बाजूनं जाईनात. मी म्हणायची, "भ्यायचं काय त्यात? ओळखीचा हात आहे." खरं तर सगळ्यात जास्त मीच भ्यायले होते. आपल्याला कुणीतरी खांद्यावर हात ठेवून काहीतरी विचारतंय असं दिवसभर वाटायचं.

आणि एक दिवस तिनं विचारलंच. त्या सरकारी साहेबांच्या कार्यालयातून ती थेट माझ्या घरी आली. चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"साहेब म्हणाले, सात नंबरवरची बाई त्यांना भेटली. पहिल्यापासून मीच आहे म्हणाली, इथं कुणालाच कधी लागलं नाही म्हणाली. तू होतीस का गं?"

"नाय गं! आईशपथ नाय. मी तर बसमध्ये होते."

"व्हय का," ती म्हणाली. "म्हणजे तूही नव्हतीसच."

एवढं बोलून गेली. तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. स्वतःची इतकी लाज मला ना त्याच्या आधी वाटली, ना नंतर.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि त्या साहेबांपुढं जाऊन बसले. बस, पडदे, चिकटपट्टी, सगळं लिहून दिलं, खाली सही ठोकली. साहेबांनी दोनदा वाचलं. "नोकरी जाईल," म्हणाले. म्हटलं, "जाऊ द्या."

या वेळी ते न सांगता आले, तिला बरोबर घेऊन. मी सातवरच होते. सुपरवायझर धावत आला. "साहेब, ही बाई गेटच्या आत कधी आलेलीच नाही. शप्पथ घेतो."

ती सरळ माझ्यापाशी आली. मी मशीन बंद करून बाजूला झाले. तिनं पदर खोचला, वाकली आणि डावा हात त्या लाल हातावर ठेवला. तळवा तळव्यावर बसला. अंगठा बसला, अनामिका बसली, वाकडी करंगळी वाकड्या करंगळीवर बसली.

तिच्या हाताच्या वर दोन लाल बोटं उघडी राहिली.