शून्याला शून्य

आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांना पोरं सूत्रेसर म्हणत. हे त्यांचं आडनाव नव्हे. सूत्र पाठ असलं की डोक्याला त्रास द्यावा लागत नाही, एवढ्या एका शोधावर या गृहस्थांनी सगळी नोकरी काढली. आकृती काढायचा त्यांना कंटाळा. शिक्षकखोलीतली पंख्याखालची खुर्ची मात्र त्यांचीच.

सहामाहीचा पेपर त्यांनी काढला. एकमेकांना स्पर्श करणारी दोन वर्तुळं, त्रिज्या नऊ आणि चार, केंद्रांमधलं अंतर पाच. सामाईक स्पर्शिकेची दोन स्पर्शबिंदूंमधली लांबी काढा. सरांना वर्तुळं शेजारी शेजारी हवी होती, म्हणजे अंतर तेरा लिहायला हवं होतं. यांनी बेरजेच्या जागी वजाबाकी केली आणि लहान वर्तुळ मोठ्याच्या पोटात जाऊन बसलं. तिथे स्पर्शिका दोघांनाही एकाच बिंदूत टेकते. लांबी शून्य.

ज्या मोजक्या मुलांनी नीट आकृती काढून शून्य लिहिलं, त्यांना सरांनी शून्य दिलं.

मी विज्ञान शिकवते, पण कंपास मलाही चालवता येतो. आकृती काढून त्यांच्यापुढे ठेवली. "सर, लहान वर्तुळ आत आहे."

त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही. "बाई, त्रिज्यांचा गुणाकार छत्तीस, वर्गमूळ सहा, दुप्पट बारा. सूत्रानं बारा येतं. आकृत्या काय, कुणीही काढतं."

"तुम्ही सोडून."

ते खुशीत हसले. टोमणा कळायलाही थोडी अक्कल लागते.

मुलांचे पालक आले, प्रकरण मुख्याध्यापिकाबाईंपर्यंत गेलं. "फळ्यावर काढून दाखवा," त्या म्हणाल्या. सरांचं वर्तुळ बटाट्यासारखं आलं. दुसरं कुठे काढायचं तेच कळेना, तेव्हा घाम पुसत म्हणाले, "छपाईची चूक." मूळ कागदावर त्यांच्याच अक्षरात पाच होतं. तो समोर धरला, तरी गडी म्हणतो, पेनच तसं चाललं.

शून्यवाल्यांना गुण मिळाले, बारावाल्यांचे गेले. गेलेल्यांत सरांची मुलगीही होती. वर्गात सगळ्यात हुशार पोर. मला राहवलं नाही, मधल्या सुट्टीत विचारलं, "अगं, तुला आकृती जमली नाही?"

"जमली ना बाई. शून्यच येत होतं."

"मग बारा कशाला लिहिलंस?"

"पेपर बाबाच तपासणार होते," ती म्हणाली आणि डबा उघडून जेवायला बसली.