उघड्या डोक्याचा हवालदार

चाकणच्या बाजारात कांद्याच्या गोण्या वाहणारा भिवा ओव्हाळ कुणालाच सॅल्यूट करत नाही, माणूस आखडू आहे, असं लोक म्हणतात. साफ खोटं आहे. भिवाने आयुष्यभर सॅल्यूटच ठोकले. मेजरला ठोकला, कर्नलला ठोकला, झेंड्याला ठोकला, मेलेल्या सोबत्यांच्या चितेसमोर ठोकला. कलेक्टर आला, मंत्री आला, तर त्यांनाही, कारण ते सरकार. आवडो न आवडो, लोकांनी निवडून दिलेलं सरकार. नाही केला तो पक्षाच्या पुढाऱ्याला. एवढा साधा फरक ज्यांना कळत नाही ते याला आखडू म्हणतात, आणि असल्यांची आपल्याकडे वानवा नाही.

भिवा मूळचा निघोज्याचा, गावाबाहेरच्या वस्तीतला. मिसरूड फुटलं तसा महार रेजिमेंटमध्ये भरती झाला आणि मध्य प्रदेशातल्या सागर गावी ट्रेनिंगला गेला. तिथल्या उस्तादाने पहिल्याच आठवड्यात त्याला उघड्या डोक्याने सॅल्यूट करताना पकडलं आणि मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. फौजेचा नियमच तसा आहे. डोक्यावर टोपी असेल तर सॅल्यूट; टोपी नसेल तर ताठ उभं राहायचं, हात मांडीला चिकटलेला. उस्ताद म्हणायचा की सॅल्यूट टोपीवरची निशाणी करते, तू करत नाहीस. दुसरी गोष्ट त्याने शिकवली ती अशी: मत ज्याला द्यायचं त्याला द्या, पण बॅरेकीत कुठल्याही पक्षाचं नाव निघता कामा नये. भिवाने या दोन गोष्टी मनात पक्क्या बसवल्या.

मग आलं बासष्ट साल. चीनच्या लढाईत यांना बर्फात पाठवलं ते कापडी बुटांवर. कुणी पाठवलं? दिल्लीत शेगडीजवळ बसून नकाशावर बोटं ठेवणाऱ्यांनी. भिवाच्या डाव्या पायाची बोटं गेली. इस्पितळात तो तापाने फणफणत पडला असताना एक पुढारी आला, मागे फोटोवाला. पुढाऱ्याला जवानाचा सॅल्यूट घेतानाचा फोटो हवा होता. भिवाचं डोकं उघडं, म्हणून पुढाऱ्याबरोबरच्या माणसाने शेजारच्या खाटेवरची टोपी उचलून त्याच्या डोक्यावर बसवली. भिवाने हात वर केला. ग्लानीतल्या माणसाला काय कळतं? शेजारच्या खाटेवरचा जवान त्याच दिवशी गेला.

पुढच्या निवडणुकीत भिवा सुट्टीवर आला तर तो फोटो पुण्याच्या एस.टी. स्टँडवर पोस्टरवर चिकटवलेला. टोपी मेलेल्याची, हात भिवाचा, आणि खाली पक्षाचं चिन्ह. भिवाने चारचौघांत ते पोस्टर टराटरा फाडलं. पण पोस्टर एकच नव्हतं, सगळ्या रस्त्याने होती. भिवाला राग यायचा तो आधी कानांत यायचा. कानाच्या पाळ्या तांबड्यालाल व्हायच्या. त्या दिवसापासून त्या कधी पुरत्या निवल्या नाहीत.

एकाहत्तरच्या लढाईत लंगड्या पायामुळे त्याला आघाडीवर नेलं नाही. मध्य प्रदेशात पाकिस्तानी युद्धकैद्यांच्या छावणीवर पहाऱ्याला ठेवलं. तिथे नियाज नावाचा एक कैदी होता, तोही हवालदारच. दोघांच्याही गावात पाण्याची बोंब, दोघांचेही गुडघे गेलेले. एकदा तारेपलीकडून नियाज म्हणाला, "शुरू में हमें बस जलसों में खड़ा करते थे, भाई. कहते थे, रौनक बढ़ती है." जवान उभे असले की सभेला शोभा येते, म्हणून पक्षवाल्यांनीच त्यांना बोलावलं. मग पक्षांची भांडणं सोडवायला बोलावलं. मग एक दिवस जनरलसाहेबच खुर्चीवर बसले आणि बोलावणारे पुढारी गेले तुरुंगात. "और हम?" नियाज म्हणाला, "हम लड़ना भूल गए." भिवाने त्याला विडी दिली. असलं आपल्याकडे होणार नाही, अशी त्याची तेव्हा खात्री होती.

त्र्याहत्तर साली हवालदार म्हणून तो बाहेर पडला. पेन्शन तुटपुंजी, म्हणून चिंचवडच्या एका पंपांच्या कंपनीत गेटवर लागला. हाताखाली पाच गार्ड, सगळे माजी सैनिक. कंपनीच्या चाळीत एक खोली मिळाली. बायको केसरबाई त्या खोलीवर जीव टाकायची. जन्मभर गावकुसाबाहेर गळक्या छपराखाली काढलेल्या बाईला सिमेंटची जमीन मिळाली होती, दारात नळ होता. ती रोज जमीन पुसायची आणि ती वाळेपर्यंत भिवाला आत पाय ठेवू द्यायची नाही. कंपनीच्या युनियनचा पुढारी ज्योतीराम, मराठवाड्यातून आलेला फिटर, शिफ्ट सुटली की गेटवर भिवाबरोबर चहा प्यायचा. माणूस तोंडाने फाटका पण दिलदार.

पंचाहत्तर साली आणीबाणी आली. ज्योतीरामला पहाटे घरातून उचललं आणि येरवड्याला टाकलं. आणि उद्धवराव नावाचा माणूस या पट्ट्याचा मालक झाला. हा उद्धवराव कोण? आमदार नाही, खासदार नाही, साधा सरपंचही नाही. सत्तेवरच्या पक्षाचा तालुका अध्यक्ष. पण फौजदार त्याच्या ओसरीवर उभे राहायचे आणि कारखान्यांचे मॅनेजर त्याला दिवाळीला मिठाईचे पेटारे धाडायचे. लाज वाटायला हवी होती. कुणालाच वाटली नाही.

शहात्तरच्या हिवाळ्यात उद्धवरावने पिंपरीच्या मैदानावर आणीबाणीच्या पाठिंब्याची सभा घेतली. मॅनेजरने भिवाला बोलावलं. सहाही गार्डनी जुने लष्करी गणवेश घालायचे, पदकं लावायची, कूच करत स्टेजसमोर जायचं आणि उद्धवरावला सॅल्यूट द्यायचा.

"साहेब, सरकार आलं तर मी सॅल्यूट करीन," भिवा म्हणाला. "उद्धवराव पक्षाचे हायत."

"आता दोन्ही एकच आहे, ओव्हाळ."

"न्हाई साहेब. एक न्हाई."

मॅनेजर शिकलेला माणूस, आणि भ्यालेला. त्याने खिडकी लावून घेतली आणि हळू आवाजात सांगितलं की सहा जण आले नाहीत तर सहाही जणांच्या नोकऱ्या जातील, आणि नोकरीबरोबर खोल्याही.

घरी केसरबाईने ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "एक हात वर करायचा, खाली घ्यायचा. तुमचं काय जातंय?"

"माझं एकट्याचं न्हाई ते, केसर."

"खोली तर आपल्या दोघांची हाय ना?"

तिचंही खोटं नव्हतं, आणि म्हणून त्याचा राग आणखीच वाढला.

सभेच्या आदल्या दिवशी त्याने पाचही गार्डना एकत्र बसवलं. "उद्या मी हुकूम दीन तो पाळा. कुणी इचारलं तर सांगा, हवालदाराचा हुकूम व्हता. आमाला दुसरं काय ठाव न्हाई."

सभेला मैदान खच्चून भरलेलं. कसं नाही भरणार, कारखान्यांनी ट्रक लावून माणसं आणली होती. सहा जण पदकं लावून कूच करत आले, भिवा पुढे, डावा पाय ओढत. स्टेजसमोर थांबले. वर उद्धवराव हारात बुडालेला, सॅल्यूट घ्यायला उजवा हात आधीच कपाळापाशी नेलेला. फोटोवाला गुडघ्यावर बसला.

"टोपी उतार!" भिवाने आरोळी ठोकली.

सहा टोप्या उतरल्या. सहा उघडी डोकी ताठ उभी राहिली, हात मांड्यांना चिकटलेले. उद्धवराव खूश. त्याला वाटलं हा काहीतरी खास मान आहे; तो हात जोडून डाव्या-उजव्या बाजूला वाकू लागला. तेवढ्यात गर्दीतला कुणी म्हातारा फौजी खो खो हसत सुटला, "आरं, मयताला काढत्यात तशी टोपी काढली की!" हसू मैदानभर पसरलं. स्टेजवरच्या फौजदाराने उद्धवरावच्या कानात सगळा अर्थ सांगितला, आणि उद्धवरावच्या कपाळापाशी पुन्हा गेलेला हात तिथून खाली यायचं विसरला.

पाच जणांच्या नोकऱ्या राहिल्या. भिवाची दुसऱ्याच दिवशी गेली. कंपनीच्या माणसांनी खोलीतली भांडी बाहेर काढून रस्त्यावर मांडली. केसरबाईने जाताना शेवटची एकदा जमीन पुसली. भिवा म्हणाला, "आता कशापायी?" तिने फडकं पिळून बोचक्यात टाकलं. त्या दिवसापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलू लागली, नंतर तेही बंद केलं.

दोघं निघोज्याच्या जुन्या छपराखाली परत आली. भिवा चाकणच्या बाजारात गोण्या वाहू लागला, लंगड्या पायाने. केसरबाई लोकांच्या वावरात कांदे काढायला जायची. संध्याकाळी भाकरी थापून ताट पुढे सरकवायची आणि भिंतीकडे तोंड करून जेवायची. भिवाला उद्धवरावचा राग होता, मॅनेजरचा होता. पण त्या पाठमोऱ्या बाईवर रागवायची सोय नव्हती.

सत्त्याहत्तरच्या मार्चमध्ये निवडणुका झाल्या आणि सरकार उताणं पडलं. लोकांनी मतं देऊन पाडलं, एकाही बंदुकीशिवाय. भिवाने बाजारातल्या रेडिओवर ते ऐकलं आणि खांद्यावरची गोणी खाली ठेवून पहिल्यांदा मोकळेपणी हसला. त्याला छावणीतला नियाज आठवला.

थोड्याच दिवसांत ज्योतीराम जीपमधून निघोज्याला आला. तुरुंगातून सुटून तो नव्या पक्षाचा शहराध्यक्ष झाला होता.

"हवालदार, इथं काय करायलाव? आमचे हिरो तुम्ही!" त्याने भिवाला मिठी मारली. विजयाची सभा पिंपरीला होती, त्याच मैदानावर. भिवाचा सत्कार करायचा होता. नोकरीचं मॅनेजरशी बोलणं झालं होतं, आणि खोलीची किल्ली तर ज्योतीरामच्या खिशातच होती. त्याने ती काढून दाखवली. चुलीपाशी बसलेल्या केसरबाईने मान वर केली.

"येतो," भिवा म्हणाला. "पर साध्या कपड्यात. पदकं न्हाईत, टोपी न्हाई. मत दिलेला माणूस म्हणून येतो."

"या की, कसेही या!"

सभेला भिवा पांढरा सदरा घालून गेला. केसरबाई पहिल्या रांगेत बसली, किल्ली मिळाली की लगेच जमीन पुसायची म्हणून सोबत खोलीतलं जुनं फडकंही घेऊन आलेली. ज्योतीरामने भाषण ठोकलं, भिवाच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. आणि सत्काराच्या रीतीप्रमाणे त्याच्या डोक्यावर पांढरीशुभ्र टोपी चढवली.

"आता हवालदार ओव्हाळ आपल्या पक्षाला आणि आपल्या नेत्यांना सॅल्यूट करतील!" ज्योतीराम माईकवर ओरडला. टाळ्यांचा कडकडाट झाला. फोटोवाला पुढे सरसावला.

भिवाच्या कानाच्या पाळ्या पेटल्या. पुन्हा कुणीतरी त्याच्या उघड्या डोक्यावर टोपी ठेवली होती. पण ज्योतीरामच्या सदऱ्याच्या खिशात किल्ली होती आणि खाली केसरबाई बसली होती, आणि तिला पाठमोरं जेवताना बघून भिवा थकला होता. तो नुसता उभा राहिला.

ज्योतीराम त्याच्याजवळ वाकला. माईक बंद आहे असं त्याला वाटलं असावं, पण तो चालू होता. आणि कर्ण्यांतून सगळ्या मैदानावर ऐकू गेलं, "एक हात वर करायचा, हवालदार. तुमचं काय जातंय?"

भिवाचा हात उठला. छातीपर्यंत आला.

"हात खाली घ्या!"

केसरबाई उभी राहिली होती. "आदी ती टोपी काढा डोक्यावरची! आन् ज्योतीराम, काय जातंय ते मला इचार! घर गेलं माझं, घर! उद्धवरावनं त्येच्या सॅल्यूटसाठी घेतलं, तू तुझ्या सॅल्यूटसाठी द्यायला आलास व्हय?"

भिवाने टोपी काढली, ज्योतीरामच्या हातात दिली, शाल आणि नारळ तिच्यावर ठेवले आणि पायऱ्या उतरून खाली आला. किल्ली खिशातच राहिली. केसरबाईने फडकं कमरेला खोचलं आणि दोघं चाकणच्या एस.टी.ला जाऊन बसली.

भोसरी मागे पडली. मग केसरबाई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तवा मी बी तुमाला तेच म्हनले व्हते."

"व्हय."

"तवा तुमी ऐकलं न्हाई, ते बरं केलं." ती त्याच्याकडे वळली. किती तरी महिन्यांनी तिने त्याच्या डोळ्यांत बघितलं. "आज मात्र ऐकत व्हता."

भिवाने मान खाली घातली. उद्धवरावचा, मॅनेजरचा, ज्योतीरामचा, साऱ्यांचा राग एकीकडे. मांडीवर पडलेल्या स्वतःच्या उजव्या हाताचा त्याला आला तेवढा राग आयुष्यात कुणाचाच आला नव्हता.