चष्म्याचं घर

त्याच्या तोंडात कायम खिळे असायचे. सोफ्याला कापड ठोकणाऱ्या माणसाला दोन हात पुरत नाहीत. एका हाताने कापड ताणायचं, दुसऱ्यात हातोडी, मग बारीक खिळे धरायचे कुठे, तर ओठात. एकेक खिळा जिभेने पुढे ढकलायचा आणि ठोकायचा. गिऱ्हाईक आलं, "काय हो, आमच्या खुर्च्यांचं काय झालं?" म्हणालं, की हा नुसती मान हलवायचा. तोंडात खिळे, बोलणार कसं. लागूनच असलेल्या दुकानातला चावीवाला म्हणायचा की अर्धा वेळ याच्या तोंडात खिळे नसतातच, उत्तर नसलं की हा गाल फुगवून बसतो.

आणि खिळे काढून बोललाच तर एकच वाक्य. "दोन दिवसांत देतो." सगळ्या गल्लीला ते पाठ होतं. त्याचे दोन दिवस म्हणजे महिना. हात मात्र सोन्याचा. त्याने भरलेली गादी दहा वर्षं बसत नाही, त्यामुळे लोक शिव्या देत देत परत त्याच्याकडेच यायचे.

बायकोने मात्र परत यायचं सोडलं. तो काही दारूडा नव्हता, हात उगारणारा नव्हता, बाहेर कुठे काही नव्हतं. नुसता उशीर. येतोच म्हणायचा आणि ती दारात उभी. पोरीला ताप असताना येतोच, तिच्या वडिलांना स्टेशनवर सोडायचं तेव्हा येतोच. जाताना ती भांडलीसुद्धा नाही. म्हणाली, मी आता वाट बघायची थांबते. हा तेव्हा एका मोठ्या सोफ्याच्या आत डोकं घालून स्प्रिंगा बांधत होता. डोकं बाहेर काढेपर्यंत ती गेलेली.

पुढे तिने औषधाच्या दुकानातल्या कंपाउंडरशी लग्न केलं. साधा माणूस, जाड भिंगांचा चष्मा, सगळं वेळेवर. मुलगी आईकडे. रविवारी सकाळी आई कोपऱ्यापर्यंत आणून सोडायची, संध्याकाळी न्यायची. मधला दिवस याचा.

मुलीला तो बटण म्हणायचा. जन्मली तेव्हा तोंड एवढंसं, गोल, आणि गादीच्या मधोमध बटण दाबून बसवावं तशी दुपट्यात रुतलेली. आता ती सात वर्षांची झाली होती, पुढचे दोन दात गायब, आणि बटण म्हटलेलं फक्त दुकानात चालायचं, बाहेर नाही.

दुकानात कापडांच्या गुंडाळ्यांवर एक फळी होती, तिच्यावर बटणचं सगळं राज्य. तिच्या शाळेत दरवर्षी वडिलांचा कार्यक्रम असायचा. मुलांनी स्वतः काहीतरी बनवायचं, वडिलांनी यायचं, प्रत्येकाला एकच खुर्ची, आणि मुलांनी सगळ्यांसमोर ते त्यांना द्यायचं. पहिल्या वर्षी तिने एक दगड रंगवला होता, कागदावर ठेवायला. याच्याकडे कागद कुठले? मग रेक्झीन चिकटवलं की त्यावर तोच दगड दाबून ठेवायचा. नंतर डब्याला लोकर गुंडाळून पेन्सिली ठेवायला घर केलं, त्यात याचे खडू असायचे. आणि गेल्या वर्षी पुठ्ठ्याचा टाय. लाल, पिवळे ठिपके, मागे रबर.

तो टाय मिळाला फाटकाबाहेर. हा पोचला तेव्हा शिपाई खुर्च्या एकावर एक रचत होता. बटण पायरीवर बसलेली, टाय मांडीवर, ठिपके घामाने पुसट झालेले. रडली नव्हती. म्हणाली, "बाईंनी तुझी खुर्ची सगळ्यात शेवटी उचलली." बस, एवढंच. त्याने टाय तिथेच गळ्यात घातला आणि दोन दिवस काढला नाही. गिऱ्हाइकं हसली. चावीवाला म्हणाला, साहेब आले. पण जे व्हायचं ते झालं होतं.

म्हणून यंदा त्याने ठरवलं होतं. चावीवाल्याची नात त्याच शाळेत, त्यामुळे कार्यक्रम गुरुवारी आहे ही बातमी आधीच लागलेली. निळा शर्ट इस्त्री करून कापडाच्या कपाटात टांगला होता. चावीवाल्याला सांगून ठेवलं होतं की शाळा उघडायच्या आधी मी फाटकात असेन, शिपायाच्याही आधी. चावीवाला म्हणाला होता, "बघ बाबा, दोन दिवस आधीच निघ."

त्या रविवारी बटण आली ती दप्तर घेऊन. शटरखालून वाकून आत शिरली, इकडे तिकडे बघितलं, दप्तरातून एक मोजा काढला आणि मोज्यातून चष्मा. जाड भिंगांचा.

त्याने तोंडातले खिळे तळहातावर घेतले. हा कुणाचा, ते विचारायची गरजच नव्हती.

तिने भराभरा सगळं सांगून टाकलं. घर बनवायचंय, चष्म्याचं. माप नीट यायला पाहिजे म्हणून चष्माच आणला, बाबा आंघोळीला गेले तेव्हा उचलला, आईलाही माहीत नाही. बाबा चष्मा कुठेही ठेवतात, शर्टाच्या खिशात, फ्रिजवर, एकदा तर भाताच्या डब्यावर, मग शोधत बसतात. बाईंनी सांगितलंय स्वतः करायचं, पण मोठ्यांनी दाखवलं तर चालतं. आणि शिवायला पप्पासारखं कुणालाच येत नाही.

त्या माणसाला ती आधी काका म्हणायची. बाबा कधीपासून म्हणायला लागली हे त्याला कळलंच नव्हतं. हळूहळू झालं असणार, कापडाचा रंग उडतो तसं.

"गुरुवारसाठी?" त्याने विचारलं.

"तुला कसं माहीत?"

"असंच. चावीवाले आजोबा म्हणत होते."

तिने खाली बघितलं. मोजा बोटाभोवती गुंडाळला, सोडला. मग म्हणाली, "ते वेळेवर येतात ना, म्हणून."

रागाने म्हणाली असती तरी परवडलं असतं. तिने ते समजावून सांगितल्यासारखं सांगितलं, आपल्यापेक्षा लहान कुणाला सांगतात तसं. कपाटाचं दार उघडंच होतं, निळा शर्ट दिसत होता. त्याने पायाने दार लोटलं.

मग त्याने चष्मा हातात घेतला. पडला असं म्हणता आलं असतं. हातोडी इथे, फरशी दगडाची, दुकानात रोज काही ना काही पडतंच. हे मनात आलं आणि त्याला स्वतःचीच इतकी किळस आली की त्याने चष्मा पटकन डोळ्यांवर चढवला, हात रिकामे राहावेत म्हणून. सगळं दुकान विरघळलं. बटण म्हणजे समोर एक हलणारा रंग. ती खदखदून हसायला लागली. तू बाबांसारखा नाही दिसत, म्हणाली, तू घुबडासारखा दिसतोस. तो तसाच थोडा वेळ बसला, कारण भिंगांच्या मागे डोळ्यांचं काय होतंय ते तिला दिसणार नव्हतं.

"चल," म्हणाला. "आतून काय लावायचं? रेक्झीन नको, भिंगांना ओरखडे पडतील."

वरच्या गुंडाळ्यांमागे गडद हिरव्या मखमलीचा एक तुकडा होता. बटणला छोटं स्टूल करून द्यायचं म्हणून दोन वर्षं राखून ठेवलेला. स्टूल अर्थातच दोन दिवसांत होणार होतं. त्याने तो काढला आणि तिच्यासमोर पसरला. तिने गाल घासून बघितला. "हे भारी आहे," म्हणाली. भारीच होतं.

माप त्याने दाखवलं, खडूने रेघ तिने मारली, कात्री दोघांनी मिळून धरली. शिवायला बसली तेव्हा सुई टोचू नये म्हणून तिच्या बोटात त्याने आपली लोखंडी टोपी घातली, ती ढगळ झाली म्हणून आत कापूस कोंबला. टाके वेडेवाकडे. एक इथे, एक पार तिकडे. त्याचे हात शिवशिवत होते, आयुष्यात त्याने असा टाका दुकानाबाहेर जाऊ दिला नव्हता. पण उसवला नाही. फक्त शेवटची गाठ कशी घट्ट मारायची ते तीनतीनदा दाखवलं. हे सुटता कामा नये, म्हणाला. रोज उघडणार, रोज बंद होणार.

जुन्या सोफ्यांच्या पोटात काय काय सापडतं. नाणी, केसांचे चिमटे, कुणाचं कानातलं, खेळण्यातली चाकं. कुणी मागायला आलं नाही की तो ते एका डब्यात टाकायचा आणि दर रविवारी बटण त्यातली एक गोष्ट निवडायची. त्या दिवशी तिने एक मोठं तपकिरी बटण निवडलं आणि ते घरालाच लावलं. म्हणजे त्या रविवारची तिची वस्तूसुद्धा तिकडेच गेली. तिच्या ते लक्षातही आलं नाही, आणि यायचं तरी कशाला.

सगळं झाल्यावर चष्मा आत घालून बघितला. बरोब्बर बसला. ती उघडायची, बंद करायची, परत उघडायची. तो बघत होता. तुझ्यासाठी पण एक करते असं ती म्हणेल का, याची वाट बघत होता, आणि वाट बघणं म्हणजे काय असतं ते त्याला बहुतेक त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

संध्याकाळी आईऐवजी कंपाउंडर स्वतःच आला. चालत. डोळे बारीक करून दुकानांच्या पाट्या वाचायचा प्रयत्न करत. आधी चावीवाल्याकडेच शिरला आणि, दुकानात तिला याच नावाने ओळखतात म्हणून, "बटण तयार आहे का?" असं विचारलं. चावीवाला म्हणाला, "बटणं नाही, चाव्या मिळतात. सोफे पलीकडे." मग पायरीशी येऊन अडखळला, तसा हा पुढे झाला आणि त्याचा हात धरला. त्या माणसाचा हात त्याने पहिल्यांदाच धरला होता. थंड, मऊ, साबणाचा वास येणारा.

"माफ करा हं," कंपाउंडर म्हणाला, "सकाळपासून चष्मा सापडत नाहीये. हिची आई अजून पलंगाखाली आहे. दुकानही उघडलं नाही मी, कुणाला काय गोळ्या दिल्या असत्या देव जाणे."

बटण पुतळ्यासारखी उभी. घर दप्तरात, चष्मा टेबलावर.

"इथे आलाय," हा म्हणाला. "दप्तरात गेला असणार पुस्तकांबरोबर. मीच आत्ता बघितला."

चष्मा चढवला तसा त्या माणसाच्या चेहऱ्यावर जीव आला. त्याने दुकान बघितलं. मग ती फळी. दगड, लोकरीचा डबा, खिळ्याला टांगलेला पुठ्ठ्याचा टाय. मग घसा खाकरला.

"गुरुवारी शाळेत ते आहे ना," म्हणाला. "मला वाटतं, तुम्ही जावं. म्हणजे, मी गेलो असतो, पण खुर्ची तुमची आहे ती."

मनापासून म्हणाला. तोच तर त्रास होता, माणूस चांगला होता. निळा शर्ट कपाटात तसाच टांगलेला. नुसतं हो म्हणायचं होतं.

त्याने बटणकडे बघितलं. तिने दप्तर दोन्ही हातांनी पोटाशी आवळलं होतं आणि ती त्याच्याकडे बघत होती. आत घर होतं, या माणसाच्या मापाचं.

"गुरुवारी डिलिव्हरी आहे माझी," हा म्हणाला. "शब्द दिलाय. नाही जमणार."

आणि बटणने श्वास सोडला. इतका मोकळा श्वास, की त्याला तो ऐकू आला. तिचे खांदे खाली आले. तिला वाईट वाटेल, थोडं तरी, असं कुठेतरी त्याने धरलं होतं. ती सुटली होती.

जाताना पायरीवरून वळली. कंपाउंडरचं बोट धरलेलं, दाताच्या फटीतून हसत. "पप्पा, डिलिव्हरीला उशीर नको करूस हं."

"नाही करणार," तो म्हणाला.

गुरुवारी कसलीही डिलिव्हरी नव्हती. एका रिटायर नर्सबाईंची आरामखुर्ची तेवढी उघडी पडली होती, महिनाभर दोन दिवसांत देतो, दोन दिवसांत देतो करत. सोमवारी त्याने ती घेतली. काथ्या पिंजला, स्प्रिंगा बदलल्या, कापड ताणलं. पोरीला सांगितलेली गोष्ट खोटी ठरू द्यायची नाही, एवढंच डोक्यात. तीन दिवस तोंडातले खिळे काढले नाहीत. चावीवाल्याने एकदा हाक मारली, मग तोही आपल्या चाव्या घासायला लागला.

गुरुवारी सकाळी निळा शर्ट घातला, खुर्ची हातगाडीवर बांधली आणि निघाला. शाळेच्या रस्त्याने गेला नाही, लांबून गेला.

नर्सबाईंनी दार उघडलं आणि बघतच राहिल्या. "अरे, सूर्य कुठे उगवला? मी तर ही खुर्ची मेल्यावरच मिळणार असं धरून चालले होते."

"आजचा शब्द होता," तो म्हणाला.

"मला कधी दिलास?"

त्याने खुर्ची खिडकीशी ठेवली, पाय हलत नाहीत ना बघितलं. बाई म्हणाल्या, आधी तू बसून दाखव, तुझ्यावर माझा विश्वास नाही. तो बसला. गादी छान भरली होती, कुठे उंच नाही, कुठे खड्डा नाही. आत्ता तिकडे नावं पुकारत असतील. ती दोन्ही हात पुढे करून चालत जात असेल, हातात हिरवी मखमल, तपकिरी बटण. खुर्ची रिकामी नसेल.

"काय रे, बोल की," बाई म्हणाल्या. "नीट आहे ना?"

तोंडात एकही खिळा नव्हता. त्याने नुसती मान हलवली. बाईंनी त्याच्याकडे बघितलं, त्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघितलं, आणि पाणी आणायला म्हणून आत गेल्या ते बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.