गच्चीवरची पात

कांद्याची कोवळी पात कापताना जो हिरवा, ओला, डोळ्यांच्या कडांना हलकेच झोंबणारा गंध दरवळतो, त्याला कुणी सुगंध म्हणत नाही. न म्हणोत बापडे! मला मात्र तो आला, की जळगावातला पासष्ट-सहासष्टचा तो निवांत, सोनेरी हिवाळा आठवतो आणि पाठोपाठ एक जुनी भीती जागी होते.

भीती कसली? बिऱ्हाड जाण्याची. आमच्या घरमालकीण काकीजी मारवाडी जैन. खोली देतानाच त्यांनी एकच अट घातली होती, घरात कांदा-लसूण येता कामा नये. मीही मोठ्या तोऱ्यात होकार दिला होता. पण दिवाळीनंतर पाचोऱ्याकडच्या खेड्यातून माझे सासरे, आबा, दुखण्यातून उठून आमच्याकडे आले. अन्नावरची त्यांची वासनाच उडाली होती. ताट पुढे आलं की मान फिरवत. एके दिवशी मात्र अगदी हळूच म्हणाले, "माय, घरमा कांदानी पात शे का?"

त्या प्रश्नापुढे कसली अट अन् कसलं काय! वनस्पती तुपाच्या दोन रिकाम्या डब्यांना खिळ्याने भोकं पाडली, माती आणि शेणखत भरून कोंब आलेले अख्खे कांदे रोवले आणि डबे गच्चीवर काकीजींच्या शेवंतीमागे दडवले. त्यांनी विचारलं, तेव्हा मी म्हणाले, "लिली लावलीय." धडधडीत खोटं! रोज चार पाती कापायच्या, पदराआड आणायच्या आणि ज्वारी-उडदाच्या, कळण्याच्या भाकरीशेजारी वाढायच्या. आबा आधी अर्धी भाकरी खाऊ लागले, मग एक. वीतभर मातीत माणसाला उठवून बसवण्याचं हे सामर्थ्य कुठून येत असेल?

माघात पातीतून एक दांडा वर आला आणि त्यावर शुभ्र गोंडा उमलला. अख्खा कांदा लावला की तो फुलतो, हे मला कुठे ठाऊक! त्याच सकाळी काकीजी पूजेचं तबक घेऊन वर आल्या. शेवंती सरली होती, आणि पडशाने त्यांचं नाक पार चोंदलेलं. "किती सुंदर फूल गं, बेटा! आज मंदिरात हेच वाहते," म्हणत त्यांनी हात पुढे केला. जन्मात कांदा न चिरलेल्या त्या माउलीने त्याचं फूल ओळखावं तरी कसं?

गप्प राहिले असते, तर बिऱ्हाड वाचलं असतं. पण त्यांच्या देवापुढे कांदा, आणि तोही माझ्या खोटेपणामुळे?

"काकीजी, थांबा! ते कांद्याचं आहे." आणि मग आबांचं सारं सांगून टाकलं.

त्यांनी हात झटकन मागे घेतला. तशाच खाली गेल्या, पुन्हा आंघोळ केली आणि रिकाम्या तबकानेच मंदिरात गेल्या. मी भांडी बोचक्यात बांधायला घेतली.

दुपारी काकीजी दारात आल्या. उंबरा मात्र ओलांडला नाही.

"आबा जेवतात का आता?"

मी मान डोलावली.

"मग ऐक. सकाळी आठपर्यंत मी गच्चीवर येणार नाही. तेवढ्यात त्यांच्यापुरतं काय ते कापून घेत जा."

आपला नेम त्यांनी तसूभरही मोडला नाही. फक्त स्वतःच्या गच्चीवरून रोज थोडा वेळ बाजूला झाल्या. मी त्या अर्धवट बांधलेल्या बोचक्यापाशी बसून घळाघळा रडले.